गरम इंजिनावरचा बेल्ट

प्रिय नोरीन,

तुझं पत्र आणि क्लॅरीच्या आठवणीतल्या पितळी पाटीचा मजकूर काल मिळाला. होकार कळवण्याआधी तुझ्या बाबांबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. तो असतानाच सांगायला हवी होती.

तू शाळेत होतीस तेव्हा मिसेस ट्रेलोर इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायला आमच्या गॅरेजात गाडी घेऊन आल्या. लांबून आल्यामुळे इंजिन तापलेलं होतं. क्लॅरीने नवा बेल्ट चढवला आणि मला म्हणाला, "ताण सकाळी बघ, एरल. गार होऊ दे. तुझी क्लबातली बोल्सची मॅच काही पळून जात नाही." गरम इंजिन फुगलेलं असतं, त्यावर बेल्ट घट्ट वाटतो आणि गार झाल्यावर ढिला पडतो, हे मला माहीत होतं. तरी सकाळचं काम टाळायला मी तेव्हाच ताण लावून टाकला. इंजिन हाताने दोनदा फिरवून पुन्हा तपासायचं असतं, तेही केलं नाही. सकाळी क्लॅरीने विचारलं, "गार असताना बघितलास ना?" मी हो म्हणालो. त्याने माझ्या शब्दावर कामाच्या कार्डावर सही केली.

मिसेस ट्रेलोर मुलीच्या लग्नाला ॲडलेडला जात असताना बेल्ट दाते सोडून सरकला, व्हॉल्व वाकले, गाडी रस्त्यातच बंद पडली. त्यांना लग्नाला पोचता आलं नाही. त्या गॅरेजात येऊन म्हणाल्या, "कुणी बसवला?" मी पाना पुसत उभा होतो. क्लॅरी म्हणाला, "मी."

त्या शनिवारी क्लबात कुणीतरी क्लॅरीला म्हणालं, "काय ढिल्या, पँटचा बेल्ट तरी नीट आवळलायस ना?" सगळे हसले. मीही हसलो. पुढे बावीस वर्षं मीही त्याला ढिल्याच म्हणत आलो. तो इस्पितळात असताना एकदा खरं सांगायला बसलो, तर तो म्हणाला, "एरल, उशी जरा वर कर." मी उशी वर केली आणि सांगायचं राहूनच गेलं.

अंत्यविधीला मी 'ढिल्या' नावाचा तोच किस्सा सांगितला. तू रडता रडता हसलीस. म्हणूनच तू पाटीवर 'क्लॅरेन्स "ढिल्या" पेडलर' असं लिहायला घेतलंस. नोरीन, पाटीवाले शुक्रवारी ती अक्षरं कोरायला घेतील. त्याआधी त्यांना फोन करून ते नाव काढायला सांग. कारण विचारलं तर माझं नाव घे. क्लबात मी स्वतः सांगेन, पण आधी तुला कळायला हवं होतं.

तुझा काका,
एरल