किरिहारा वाण वाफेत मारण्याबाबत

मी, किरिहारा गेंझो, वय एकाहत्तर, राहणार कोइशिकावा, तोक्यो, जंतुशास्त्रज्ञ. शरीर खंगले असले तरी डोके शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. निदान या ओळीपर्यंत तरी.

घर कायद्याने शिगेयोशीकडे जाते. मला मुलगा नाही. घराण्याचे नाव चालावे म्हणून या लष्करी डॉक्टरला दत्तक घेऊन मीच त्याचे लेकीशी, तोमोएशी, लग्न लावले. पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

बँकेतली शिल्लक देवळाला. माझ्या हातून मेलेल्या गिनीपिगांसाठी दर शरदात होणारा विधी चुकवू नये. सूक्ष्मदर्शक माझे सहायक ओकुदा यांना. प्राध्यापक मुरोई यांना काही नाही. शोधनिबंधावर त्यांनी माझ्या आधी नाव घातले होते, ते त्यांना लखलाभ.

आता मुख्य गोष्ट. ओसाका बंदरातल्या एका हमालाच्या काखेतल्या सुजलेल्या गाठीतून मी प्लेगचे जे जंतू वेगळे केले, त्यांना जग किरिहारा वाण म्हणते. त्यापासून केलेल्या लशीने माणसे वाचली, याचा मला अभिमान आहे. हे वाण वारसाहक्कात येत नाही. दहनानंतर माझी हाडे काड्यांनी वेचण्याआधी त्याच्या सगळ्या नळ्या वाफेत घालून माराव्यात. संशोधन संस्थेतले या नळ्यांचे कपाट माझ्या शिक्क्याच्या चिठ्ठीशिवाय उघडत नाही, तेव्हा हे काम ओकुदांनीच करावे.

कारण सांगतो. परवा जेवताना शिगेयोशीने विचारले, "बाबा, वाळलेल्या धान्यात हे जंतू किती दिवस तग धरतात?"

मी म्हणालो, "लस करणारा विचारतो, ते मरतात कशाने."

माझ्या पेल्यात साके ओतत तो हसला. "नाव चालवायलाच आणलंत ना मला? मग चालवू द्या की."

तेव्हापासून मला भीती वाटते आहे.

इथे शिक्का उमटवायचा, तर डबी रिकामी आहे. तोमोएला विचारले. ती म्हणाली, "सकाळीच हे घेऊन गेले, बाबा. तुम्हीच मागवलाय म्हणाले."

म्हणून अंगठा लावतो. ओकुदा, सहीसाठी थांबू नका. आधी संस्थेत धावा.

किरिहारा गेंझो (अंगठा)
कोइशिकावा, शोवा अकरा (सन १९३६), नोव्हेंबरची नऊ तारीख

साक्षीदार: एनकाई, देवळाचे पुजारी
साक्षीदार: ओकुदा मासुहेई. संस्थेतून परत आल्यावर सही केली. सकाळी तिथे दिलेल्या चिठ्ठीवरचा शिक्का खरा आहे. कपाट रिकामे आहे.