पायलच्या बोर्डाला तीन कोट

रवि. ५ जुलै

म्हणे पाणीच त होतं, पाण्यानं काय होते. मागच्या खेपेला हेच, आज परत हेच. मी म्हटलं, आई, स्केटबोर्ड म्हणजे एक लाकूड नसतं, सात पातळ थर चिकटवलेले असतात, आत पाणी गेलं की थर सुटतात. तर म्हणे, "आपल्या घराचं दार बी लाकडाचंच हाय. तुह्या बापाच्या वेळेपासून भिजते. ते सुटलं का?" मी फोन ठेवला.

बहिणीचा, पायलचा बोर्ड आज आला. वणीहून ट्रॅव्हल्सने, खताच्या गोणीत शिवून. पायलने आईला न सांगता धाडला. हडपसरला गाडीतळावर घेतला, तिथेच शिवण उसवली आणि फूटपाथवर बसलोच. दिवाळीत दिला तेव्हा नवा नव्हता, कोथरूडच्या एका कॉलेजच्या पोराकडून घेतलेला, पण टणक होता. आता पुढचं टोक फुगलेलं. वरचा खरखरीत कागद कोपऱ्यातून उठलेला. मागची दोन चाकं जाम, बेरिंग लाल. आणि मधोमध गोल काळा डाग, परातीएवढा.

पायलने आधीच सांगितलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. आई बोर्डवर पाण्याचा ड्रम ठेवते. दोरी बांधून ओढते. डाग ड्रमच्या बुडाचा आहे.

दारात नळ आहे. त्याचे पैसे मी भरलेत, पुण्यातल्या पहिल्या पगारातून. नळापासून मोरी दहा पावलं. दहा पावलांसाठी पोरीचा बोर्ड. कमाल आहे.

सोम. ६

पायलचा फोन, आई शेजारी गेली तेव्हा. घरात फोन एकच.

"दादा, होईन ना?"

तालुक्याच्या शाळेतले सर सहा मुलींना नागपूरला नेणार आहेत, स्पर्धेला. २ ऑगस्ट. जिच्याकडे स्वतःचा बोर्ड तिलाच. २५ जुलैला सर बोर्ड बघणार, चाकं बघणार, मगच नाव पाठवणार. पायलचं नाव सहावं. सातवी मुलगी एक आहे, तिच्याकडे नवाकोरा बोर्ड आहे. "तिले वळता बी येत नाही दादा."

मी म्हटलं, माझा धंदाच पाणी अडवायचा आहे. लोकांच्या अख्ख्या गच्च्या करतो, तुझी एक पाटी नाही होणार? आता तर असा करून देतो की आईने विहिरीत टाकला तरी काही होणार नाही.

ती हसली. मी आठवीत शाळा सोडली, ती नववीत आहे. म्हणजे माझ्या पुढे गेलीच.

गुरु. ९

कोथरूडच्या गच्चीवर चौथा दिवस, काम शून्य. पाऊस थांबतो पण स्लॅब वाळत नाही. आमचे भगवान मिस्त्री ब्रश लावू देत नाहीत. त्यांची एकच पद्धत. कोट मारायच्या आधी हातभर प्लास्टिक स्लॅबवर ठेवायचं, चारी बाजूंनी टेप. सकाळी बघायचं. प्लास्टिकला आतून घाम आला तर स्लॅबमध्ये पाणी आहे, कोट नाही. काम देणाऱ्या शेठचा तीनदा फोन. मि. म्हणाले, "शेठ, वल्यावर मारला तर पानी आत कोंडतंय. मग ऊन पडलं की फोड. मी न्हाय मारणार, दुसरा मानूस बघा."

काकू (वरच्या मजल्यावरच्या, त्यांच्याच बेडरूममध्ये गळतं) चहा घेऊन आल्या. "अहो मिस्त्री, आपण गळती थांबवायला आलात की पावसाळा संपायची वाट बघायला? तसं असेल तर दिवाळीचा फराळही इथेच करा."

मि. म्हणाले, "चालंल की. चकली जरा कडक ठिवा."

बोर्ड पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत आणून ठेवला. माझ्या खोलीच्या भिंतीच ओल्या आहेत, तिथे काय वाळणार. चाकं, चाकं धरणारे लोखंडी ट्रक, सगळं सुटं केलं. बेरिंग थिनरमध्ये धुतल्या, तेल घातलं, फिरायला लागल्या. चाकं आणि ट्रक ठणठणीत. प्रश्न नुसत्या पाटीचा.

शनि. ११

पाटी वरून वाळली. हाताला कोरडी. फुगलेलं टोक शिकंज्यात दाबलं, जरा बसलं.

आज पहिला कोट मारला. गच्चीसाठीचंच केमिकल, पातळ करून. खरखरीत कागद काढला, वर-खाली, कडा, सगळं. ट्रकच्या बोल्टची आठ भोकं सीलंटने भरली. कडेची एकेक रेघ बारीक ब्रशने.

मि. नी लांबून विचारलं, "प्लास्टिक लावलं व्हतं का?"

मी म्हटलं, "हो."

लावलं नव्हतं. एवढ्याशा पाटीला काय प्लास्टिक. आणि आज ११ झाली.

सोम. १३

तीन कोट पूर्ण. राखाडी, गुळगुळीत, गच्चीच्या तुकड्यासारखा दिसतो. पायल म्हणेल हे काय. वरून नवीन खरखरीत कागद चिकटवला की झालं.

मि. नी हातात घेतला, कडेवरून नख फिरवलं, भोकं बघितली. "काम चांगलं हाय. आता टेस्ट."

मला वाटलं चेष्टा. नाही. आम्ही गच्ची केली की तिच्यात चार बोटं पाणी भरून एक दिवस ठेवतो, खालच्या घरात डाग येतो का बघतो, मगच घरमालकाच्या ताब्यात देतो. मि. म्हणाले, "टेस्ट घेतल्याबिगर मी काम सोडलं न्हाय कधी. बहिनीचं हाय म्हनून सोडायचं? तिथं मोडलं तर तिनं कुनाकडं जायचं?"

मी म्हटलं, नको. मग म्हटलं, बरं. कारण खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

काकूंकडून जुना बाथटब मागितला, नातवाचा. पाणी भरलं, पाटी बुडवली, तरंगू नये म्हणून वर दोन विटा.

काकू आल्या, बघितलं. "पाण्यापासून वाचवायची वस्तू आपल्याकडे पाण्यात ठेवतात वाटतं. छान. आमची गच्ची तरी मुठेत नेऊ नका."

मंगळ. १४

चोवीस तास. काढली, पुसली. एक थेंब आत नाही. भोकं कोरडी. मि. नी पाठीवर थाप मारली. पायलला फोन करून सांगितलं, पास झाला. ती म्हणाली, "मी सरांना सांगू?" मी म्हटलं, सांग.

गुरु. १६

कसं लिहू.

आज ऊन पडलं. किती दिवसांनी. गच्ची तापली. मीच पाटी बाहेर उन्हात उभी केली, कागद चिकटवायच्या आधी गरम व्हावी म्हणून. जेवून आलो तर कोटावर फोड. एक नाही, नऊ-दहा. मधला लिंबाएवढा. हात लावला तर आत गुळगुळ हललं. उचलली तर कडेला तोंड उघडलं, थर सुटे, मधल्या फटीत कार्ड जाईल एवढे. दोन्ही हातांनी नुसती धरून उभा.

मग मि. वर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तुमच्या टेस्टने माझ्या बहिणीला पाण्यात घातलं, एवढं आठवतं. तीस वर्षं गच्च्या केल्या म्हणून सगळं गच्चीच दिसते का तुम्हाला, हेही. त्यांच्या नातवाच्या वयाचा मी. ते ब्रश धुवत राहिले. काकू जिन्यात होत्या, त्यांनीही टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

शुक्र. १७

मि. नी सकाळी आल्या आल्या कटर घेतला. मला बोलावलं. "बस हितं."

कडेजवळचा कोट कापला. खाली लाकूड पांढरं, कोरडं. बोल्टची भोकं कापली. कोरडी. मग मधला फोड कापला, पहिला थर सोलला, दुसरा सोलला. वास आला, बंद घरासारखा. आत काळी बुरशी. गोल. परातीएवढी. कड अगदी ड्रमच्या बुडासारखी.

मि. म्हणाले, "बुरशी चार दिवसांत येत न्हाय."

एवढंच. टेस्टचं पाणी आत गेलंच नव्हतं. गावचं पाणी आतच होतं आणि मीच वरून तीन कोट मारून त्याला कोंडलं. बाहेर जायला भोकसुद्धा ठेवलं नाही, आठच्या आठ भरली. रोज ज्यासाठी शेठशी भांडतो ते स्वतः केलं. प्लास्टिक लावलं होतं का, हे त्यांनी परत विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी डबा उघडला. माझा डबा नव्हता. त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवली, बघितलं नाही माझ्याकडे. मी खाल्ली. माफी मागायची राहिली.

रवि. १९

कसबा पेठेत एक सुतार आहे, प्लायची कामं चांगली करतो, मि. नी नाव सांगितलं. बोळात दोन चकरा मारून दुकान सापडलं. त्याने पाटी हातात घेतली, एका हाताने वाकवली, करकर वाजली.

"हे कशासाठी वापरायचं?"

म्हटलं, यावर उभं राहून उड्या मारतात.

"कोण?"

"बहीण."

पाटी परत दिली. "बहिणीशी काही वाद आहे का?"

पैसे घेतले नाहीत. बघायचे पैसे नसतात म्हणाला.

पायलचे दोन मिस कॉल. उचलला नाही.

मंगळ. २१

आज केला फोन. जे असेल ते सांगून टाकू म्हणून. उचलला आईने.

मी काही बोलायच्या आत, "पाटी कवा धाडतं?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कोणती पाटी?

"तेच ते, चाकाचं. तुह्या बहिणीनं पळवलं त मले सांगतलंही नाही. कमर गेली माही पाण्यानं."

मी चिडलो. म्हटलं, दारात नळ आहे, दहा पावलं नाही होत तुझ्याने?

आई हसली. म्हणे, "कोणता नळ?"

मग सांगितलं, भाजी सांगावी तसं. गावात सिमेंटचा रोड झाला, शिमग्याच्या आधी. तेव्हा आमच्या ओळीचा पाईप फुटला. ग्रामपंचायतवाले म्हणाले दुरुस्त करू, आणि वरून सिमेंट टाकून मोकळे. पाईप आता रोडच्या खाली. आमच्या ओळीची अकरा घरं शाळेच्या बोरवरून पाणी आणतात, गावाच्या दुसऱ्या टोकाहून. आई आधी हंडे आणायची. मग पोरगी त्याच रोडवर बोर्ड फिरवताना दिसली. ड्रम ठेवून बघितला, राहिला. दोन फेऱ्यांत काम भागायला लागलं. शेजारच्या मावशीही मागून न्यायच्या, म्हणून जास्त भिजला.

शिमग्यापासून. आता जुलै संपत आला. मी दर आठवड्याला फोन करतो. दर आठवड्याला बोर्ड भिजवला म्हणून भांडतो. ड्रम कुठून येतो हे एकदाही विचारलं नाही. इथे रोज लोकांना विचारतो, पाणी येतंय कुठून ते आधी बघा.

"सांगितलं काहून नाही?"

"तू येऊन पाईप काढणार होता का सिमेंटातून?"

मग म्हणे, "जेवला का?"

बोर्ड गेला हे सांगायचं तसंच राहिलं.

बुध. २२

पायलला सांगितलं. आई बोरवर गेली होती, हंडा घेऊन.

सगळं सांगितलं, प्लास्टिक लावलं नाही तेही. रडली नाही.

मग म्हणे, "म्हणजे नाव जाईन."

म्हटलं, चाकं, ट्रक, बेरिंग चांगली आहेत. नुसती पाटी नवीन घ्यायची. नागपूरला मिळते, सरांना विचार, २५ पर्यंत येते का. मी पैसे पाठवतो.

ती म्हणाली, "दादा, नवी आली त आई तिच्यावर बी ड्रम ठेवन. मी नको म्हणू का तिले?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग ना. म्हणू का?"

म्हटलं, आईसाठी वेगळा बघू, चाकाचा ड्रम मिळतो, हँडलवाला, ओढायचा. ती म्हणाली, वणीच्या बाजारात बघितलाय तिने, पाटीपेक्षा महाग आहे. मग स्वतःच म्हणाली, "दोन्ही एकदम नाही होणार ना तुह्याच्यानं." विचारलं नाही, सांगितलं. तेवढ्यात आई आली, फोन ठेवला.

गुरु. २३

कोथरूडची गच्ची आज वाळली. प्लास्टिक कोरडं निघालं, मि. नी दोनदा हात फिरवून बघितला, मला बघायला लावला. पहिला कोट मारला. मारता मारता म्हटलं, मिस्त्री, त्या दिवशी मी जे बोललो. ते म्हणाले, "कोपरा राहिला बघ." राहिला नव्हता.

उचल मागितली. शेठ म्हणाला, गच्ची पूर्ण होऊ दे, मग बघू. म्हणजे हातात आहे तेवढंच. महिन्याचे घरखर्चाचे आधीच गेलेत, ते धरायचे नाहीत.

तेवढ्यात पाटी येते. किंवा चाकाचा ड्रम, त्याला थोडे कमी पडतात, ते आई घालू शकेल. दोन्ही नाही. परवा २५.

मि. ना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? म्हणाले, "मला बहीन न्हाय." मग ब्रश थांबवून, "आई व्हती."

संध्याकाळी मोबाईलवर बसलो. पैसे पाठवताना खाली एक रिकामी ओळ येते, कशासाठी ते लिहायला. पाटी लिहिलं, पुसलं. ड्रम लिहिलं, पुसलं. खातं आईच्या नावाचं, फोन पायलच्या हातात. रिकामीच ठेवली.

३,४०० पाठवतोय.