शून्य प्रती

प्रिय ताई,

तू गेल्यावर महिनाभर तुला लिहावंसं काही वाटलं नाही. आज लिहितोय ते कामापायी. सोमवारी अमरावतीच्या कॉलेजात मला मुलांपुढे बोलायचं आहे: संगणकाला हुकूम द्यायच्या पद्धती कशा आल्या. निवृत्त माणसाला असलेच विषय देतात! टिपणं काढायला बसलो आणि पहिल्याच पानावर तू येऊन बसलीस.

आजची पोरं काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करतात, मग आडवी रेघ आणि एखादं अक्षर. म्हणजे, हे काम कर, पण असं कर. त्यांना वाटतं ही रेघ पहिल्यापासून होती. कशाची! पन्नासच्या दशकात 'असं कर' सांगायला माणूस यंत्राच्या अंगावरच्या खटक्यांपुढे उभा राहायचा. हा वर, तो खाली. पुढे हुकूम भोकं पाडलेल्या कार्डांवर गेले आणि खटक्यांऐवजी ठरलेल्या जागा आल्या. पहिल्या जागी हे, दुसऱ्या जागी ते, मध्ये स्वल्पविराम. काही सांगायचं नसेल तर ती जागा मोकळी सोडायची. यंत्र आपलं 'नेहमीप्रमाणे' समजायचं.

मोकळी सोडायची! ताई, तुला हे कसं जमणार होतं?

आपल्या दर्यापूरच्या घरातून शेजाऱ्यांचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. अंबाडीची भाजी घेऊन आलेल्या वाटीत घालायला काहीच नसलं तर आई गुळाचा खडा टाकायची. तीच सवय घेऊन तू अकोल्याला शेतकी संशोधनाच्या कचेरीत सांख्यिकी मदतनीस म्हणून लागलीस. साठचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. तू आपल्या गल्लीतली पहिली पदवीधर मुलगी. नेमणूक तात्पुरती, हंगामाचा अहवाल नीट गेला तर पुढे कायम. कपाशीच्या कोणत्या वाणाने किती पीक दिलं याचे आकडे हिशेबाला मुंबईच्या मोठ्या यंत्राकडे जायचे. त्या यंत्राची पाळी मिळणंच मुश्किल. सोबतचा सूचनांचा कागद तू लिहायचीस.

त्या कागदावरची शेवटची जागा 'किती प्रती छापायच्या' याची होती. सगळे ती सोडून देत, आणि एक प्रत येई. तू तिथे शून्य लिहिलंस. रिकामी कशी पाठवायची, म्हणून! यंत्राने हुकूम पाळला. सगळी आकडेमोड बिनचूक केली आणि शून्य प्रती छापल्या. मुंबईहून पुडकं आलं त्यात एकच पान. वर तुमच्या कचेरीचं नाव, खाली 'काम पूर्ण'.

माफ कर, पण मला आजही हसू येतं. तेव्हा कोणी हसलं नाही. पेरणी तोंडावर आली होती आणि अहवाल आकड्यांवाचून गेला. साहेबांनी विचारलं, कागद कोणी लिहिला? मुंबईत कार्डांना भोकं पाडणाऱ्यांवर ढकलता आलं असतं, पुढचं कोण तपासणार होतं? तू म्हणालीस, मी.

मी कॉलेजच्या सुट्टीत तुझ्या अकोल्याच्या खोलीवर आलो होतो, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. बातमी कळल्याबरोबर बाबा दर्यापूरहून आले. धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून पोरांच्या शिक्षणाखेरीज दुसरा विषय न काढणारा माणूस! पिशवीही खाली न ठेवता म्हणाले, "चाल घरी."

"काहून? म्या काय चोरी केली काय, बाबा?"

"चोरी नाई केली. पन जिथं मान खाली घाला लागते तिथं राहाचं कायले?"

"मान नाई घातली म्या खाली. तो कागदच वाकडा हाय त्याहिचा. मोकळी जागा म्हंजे एक आन् शून्य म्हंजे नाई, हे मानसानं वयखावं कसं? मले एक डाव अजून करू द्या."

बाबा बसले. चहा घेतला. मग म्हणाले, "कर. पन मंग रडाचं नाई."

तू कागद नव्याने मांडलास. प्रत्येक सूचनेआधी एक आडवी रेघ, रेघेपुढे सूचनेचं नाव, मग काय हवं ते. रेघ, प्रती, दोन. क्रम कसाही चालेल. सांगायचं नसेल ते लिहायचंच नाही, म्हणजे मोकळी जागा नावाची भानगडच नको! मुंबईवाले आधी कुरकुरले असणार, कारण त्यांना सगळं पुन्हा यंत्राच्या क्रमाने लावावं लागलं. पण आकडे आले, दोन्ही प्रती आल्या, साहेब खूश झाले. तोवर तुझी मुदत संपली होती आणि जागेवर दुसऱ्याच्या नेमणुकीचा हुकूम निघाला होता. तू दर्यापूरला आलीस आणि शाळेत गणित शिकवू लागलीस. रडली मात्र नाहीस.

दशक संपता संपता मी मुंबईच्या त्याच यंत्राच्या कचेरीत लागलो. भिंतीवर काम देणाऱ्यांसाठी सूचना लावलेली: आडवी रेघ, नाव, मग किंमत. मी विचारलं, ही कुणाची? शेजारचा म्हणाला, "अकोला पद्धत. कुणीतरी पाठवली होती. एकाने ती वाचायचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून चालू आहे." कुणीतरी!

त्याच वर्षांत तिकडे अमेरिकेत कुणी असल्या सूचना कंसात लिहीत होतं, कुणी नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकत होतं, आणि एका ठिकाणी हीच आडवी रेघ आली होती. त्यांना तू माहीत नव्हतीस, तुला ते. जगाला रेघ तू दिलीस असं मी मुलांना सांगणार नाही. खोटं तुला चाललं नसतं.

घरी येऊन मी तुला भिंतीवरच्या त्या सूचनेचं सांगितलं. तू पेपर तपासत होतीस. मान वर न करता विचारलंस, "चुका कमी होते काय त्यानं?"

"हो, पुष्कळ."

"मंग झालं."

झालं कसं, ताई? तुझी पद्धत तिथे राहिली, मी तिथे कायम झालो, आणि तुला ते यंत्र एकदा डोळ्यांनी बघायलाही मिळालं नाही. मी ये म्हणालो की तुझ्या परीक्षा असायच्या. मला याचा राग येतो. तुझ्यावरही येतो. एकदा तरी साहेबांपुढे जाऊन भांडायचं होतंस.

तर सोमवारचं असं ठरवलंय. फळ्यावर आडवी रेघ काढीन आणि तिच्यापुढे तुझं पूर्ण नाव लिहीन. मुलं विचारतील, या कोण होत्या? मी सांगेन, सांख्यिकी मदतनीस, अकोला. नेमणूक तात्पुरती होती, हे मी सांगणार नाही.

तुझा,
मधू