तिहोग्रादच्या भिंतीवरचा त्रिफोन

काल्मितोवो
६ फेब्रुवारी २०२३

चि. नेवेनास अ. उ. आ.

पत्र पोचलंच नाही ही तुझी सबब मला पाठ आहे, म्हणून रजिस्टर करून पाठवते आहे. फोनवर तू घसा फोडून ओरडतेस, मला काही ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना मात्र सगळं कळतं. त्यापेक्षा कागद बरा.

जिल्ह्याच्या पेपरात तुझं नाव आलंय! व्हिडिओ गेममधल्या सगळ्यात लक्षात राहणाऱ्या शहरांची कुणीतरी यादी केली आणि त्यात तुमच्या ऑफिसाने केलेलं तिहोग्राद सहावं. पहिल्या पाचांत एक समुद्राखाली आहे म्हणे आणि एक ढगांत. तिथे बायका धुणी कुठे वाळत घालतात कोण जाणे. तुझं निदान जमिनीवर आहे. लिहिणारा म्हणतो, त्या नदीकाठच्या चढाच्या गल्ल्यांतून माणूस एकदा फिरला की स्वतःच्या गावाआधी त्या आठवतात. लहानपणी साबणाच्या खोक्यांची घरं मांडून तू माझं स्वयंपाकघर अडवायचीस, तेव्हा मी तुला रागवायचे. चुकलं माझं.

फोटोत भिंतींवर कागद चिकटवलेले दिसतात. भिंग लावून पाहिले. आपण गावात भिंतींवर लावतो तशी, फोटोची, निधनाची पत्रकंच ना ती? बरं केलंस. माणसं राहतात तिथे माणसं मरायचीच. चेहरे मात्र फार बारीक छापलेत, ओळखू येत नाहीत.

वाचनालयातली स्वेतला २५ तारखेला आमच्या पेन्शनर मंडळाला मोठ्या पडद्यावर तुझं शहर फिरवून आणणार आहे. मी पहिल्या रांगेत बसणार. तुझे काका असते तर कोट इस्त्री करून आले असते. सोबत एक मार्चला वसंतासाठी मनगटावर बांधायचा लाल-पांढरा दोरा पाठवते आहे. जेवत जा वेळेवर. कळावे, लोभ आहेच, पत्राचं तेवढं बघ.

तुझी
दोन्काकाकू


सोफिया
१० फेब्रुवारी

ती. काकूस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि टेबलाखाली तोंड लपवलं. अगं, त्या यादीचं एवढं काय घेऊन बसलीस? आम्ही चाळीस जणांनी मिळून ते शहर केलं. मी फक्त भिंती आणि कौलं करते.

स्वेतलाला सांग, घाई करू नकोस. तो खेळ तुम्हा मंडळींसाठी नाही. अंगावर कुत्री येतात, चोर येतात, सगळं इतकं गरगरतं की आमच्या हिशेबनीसबाईंना भोवळ आली होती. मे महिन्यात मी स्वतः येईन आणि सावकाश दाखवीन. तोवर थांबा.

कागदांचं म्हणशील, तर भिंती ओक्याबोक्या दिसत होत्या, म्हणून लावले. आमच्यातल्या कुणीच पत्रकाशिवायची भिंत जन्मात पाहिलेली नाही. बाहेरच्या देशांतल्या लोकांना मात्र ती फार थोर कल्पना वाटते. इतर खेळांतल्या शहरांच्या भिंतींवर सरबताच्या जाहिराती असतात, म्हणतात, इथे दुखवटा आहे.

कामाची गर्दी आहे, थोडक्यात आटोपते. राग नसावा.

तुझी
नेवेना


काल्मितोवो
१४ फेब्रुवारी

चि. नेवेनास अ. उ. आ.

भोवळ आली तर खुर्चीतच येईल, त्यात पडायचं काय? पंचवीस तारीख ठरली ती ठरली. स्वेतलाने दारावर कागदसुद्धा लावला.

एकच गोष्ट मनाला खाते. बस डेपोतली मंडळीही येणार आहेत. मी पहिल्या रांगेत आणि ते मागे, म्हणजे तोंडं बघायला नकोत. तू म्हणशील, काकू, सहा वर्षं झाली, सोड आता. त्या दिवशी तू नव्हतीस, म्हणून तुला ठाऊक नाही. तुझ्या काकांच्या चाळिसाव्याच्या, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेच्या आणि जेवणाच्या, आदल्या दिवशी, त्या थंडीत, तू माझ्या हातून ऐंशी पत्रकं घेतलीस, चौकापासून डेपोपर्यंत लावलीस आणि नोकरीसाठी संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. तेवढं तू केलंस, ते मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी मी ऐंशी माणसांना वाटायचा रिवाजाचा गहू शिजवला, पाव भाजले. आली किती? नऊ. त्यातली तीन आपल्याच घरातली. एकतीस वर्षं त्रिफोननी या गावाची बस चालवली! चाळिसाव्याला आपण कुणाला बोलवायला जात नाही. पत्रक हेच बोलावणं. म्हणजे ते सगळ्यांनी वाचलं आणि घरी बसले.

सगळ्यात जास्त लागलं ते मेतोदीचं. डेपोतला मेकॅनिक, त्यांचा जिवाचा मित्र, रोज दुपारी सोंगट्या खेळायला बसायचा, आणि तो आला नाही. नंतर दोनदा फाटकाशी येऊन उभा राहिला. मी कडी काढली नाही. गेल्या ऑक्टोबरात तो गेला. त्याची अंत्ययात्रा आपल्या घरावरून निघाली, तेव्हा मी पडदा ओढून घेतला. मला त्याचा पस्तावा नाही.

असो. तुझ्या शहराने जीव थोडा रमेल. येऊ नको, उगाच पैसे घालवू नकोस. आठवण असू दे म्हणजे झालं.

तुझी
दोन्काकाकू


सोफिया
१८ फेब्रुवारी

ती. काकूस सा. न. वि. वि.

हे पत्र वाचताना कुणी जवळ असेल तर त्याला आधी घरी पाठव.

मी ती पत्रकं लावली नाहीत. पाच लावली, तीही आपल्याच गल्लीत, तुला खिडकीतून दिसतील अशी. मग ऑफिसातून फोन आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला तरी शहराचा नमुना दाखवायचा आहे, भिंती तयार नाहीत. चारची गाडी सुटत होती. नदीपलीकडे डेपोपर्यंत जायचं म्हणजे गाडी चुकणार होती. मनाशी म्हटलं, गावात बातमी काय, आपोआप पसरते. पंचाहत्तर पत्रकं पिशवीत तशीच घेऊन मी बसमध्ये बसले. काकाच तिथे असते तर कॉलर धरून खाली उतरवलं असतं.

पुढचं ऐक. त्या भिंतींवर चिकटवायला जुना कागद हवा होता आणि पिशवीत तो होता. मी काकांचं पत्रक कागदाचं चित्र टिपणाऱ्या यंत्रावर ठेवलं, नाव पुसट केलं आणि भिंतीवर डकवलं. तात्पुरतं, नंतर बदलीन, असं ठरवलं होतं. बदललं नाही. शहर वाढत गेलं, तसा तो कागद गल्ली गल्ली पसरला. खेळणाऱ्या एकाने मोजलं, अकराशेच्या वर भिंतींवर काका आहेत. कुणी त्यांना हात हलवतं, कुणी त्यांच्यावर नेम धरून टोमॅटो फेकतं. एकच म्हातारा इतक्या वेळा कसा मेला, असं विचारून हसतात. जन्मभर लग्नाच्या फोटोतसुद्धा मागच्या रांगेत उभा राहणारा आपला माणूस! यादीत तिहोग्राद सहावं आलं ते या पत्रकांमुळे, असंही त्यात लिहिलंय. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसून उभी राहिले.

ज्या गावात लावायची तिथे लावली नाहीत, आणि जे गावच नाही तिथे लावली. नऊच माणसं आली हे आईने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. का आली नाहीत ते मला तेव्हाच कळलं. सहा वर्षं तू त्या माणसांवर रुसलीस आणि मी तुला रुसू दिलं, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. मेतोदीकाकांचं तर मला तुझ्या पत्रातूनच कळलं. आता लाज कुठे ठेवू ते कळत नाही.

पंचवीसला जाऊ नकोस. तू सांगशील तर एका दिवसात सगळ्या भिंतींवरून काकांना उतरवते. माफ कर असं लिहायचा धीर होत नाही. लोभ मागायलाही तोंड नाही.

नेवेना


काल्मितोवो
६ मार्च

चि. नेवेनास आ.

पंचवीसला मी गेले. पत्र आदल्या दिवशीच आलं होतं. रात्रभर तुला शिव्या दिल्या, सकाळी चष्मा पुसला आणि गेले.

स्वेतलाने पहिलंच वळण घेतलं आणि भिंतीवर ते. पुढच्या भिंतीवर ते. पुलावर ते. मागे डेपोच्या रांगेत कुणीतरी उठलं. वळून पाहिलं तर स्तामेन कंडक्टर टोपी काढून उभा. मग एकेक करून सगळे उभे राहिले. मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं, त्रिफोन म्हणत होते.

नंतर घोळका झाला. स्तामेनने कागदावर लिहून विचारलं, की चाळिसाव्याला आम्हाला का नाही कळवलंस, आम्ही तुझं काय वाकडं केलं होतं? सहा वर्षं तेही हाच प्रश्न उरात घेऊन बसले होते. मी सांगितलं, की दुःखात माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, पत्रकं कपाटात राहून गेली, पुढे नेवेनाला सापडली, तेव्हा तिने काकांच्या आठवणीसाठी ती आपल्या शहरात लावली. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. बायका रडल्या. अशी पुतणी सगळ्यांना मिळो, म्हणाल्या. आता गावात तुझं मोठं नाव झालंय. ते तुला जड जाईल. जाऊ दे.

काकांना भिंतींवरून उतरवू का, विचारतेस. उतरवू नकोस. रोज कामाला बसलीस की डोळ्यांसमोर असू देत.

दुसऱ्या दिवशी पाव भाजला आणि मेतोदीच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, कुनाने, दार उघडलं. तिने मला घरात घेतलं, एवढं तिचं मन मोठं. मेतोदी शेवटपर्यंत विचारायचा म्हणे, दोन्काला माझं काय खुपलं? सोंगट्यांत मी त्रिफोनला फार हरवायचो, म्हणून तर नाही ना? कुनालाही मी तेच कपाटाचं सांगितलं. तिने माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला.

मग आम्ही दोघी दफनभूमीत गेलो. ती पाणी आणायला गेली आणि मी मेतोदीच्या थडग्याजवळ एकटी उरले. जित्याजागत्या सगळ्या माणसांशी मी तुझ्यासाठी खोटं बोलले होते. त्याच्यापुढेही तेच बोलायला तोंड उघडलं, आणि जमलं नाही. खरं सांगावं, तर ते सांगणंही माझं नव्हे, तुझं. नुसती उभी राहिले आणि परत आले.

मेतोदीला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. शनिवारच्या गाडीने ये.

लोभ कमी झालाय, संपलेला नाही, एवढं खरं लिहिते.

दोन्काकाकू