अस्वलाचं नाक

दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी विषय बदलतो म्हणून पत्रानेच कळवायला सांगितलंस, तर कळवतो. अस्वलाच्या पुस्तकाची चित्रं प्रकाशकबाई मलाच द्यायच्या विचारात आहेत. महिनाअखेरीपर्यंत नमुन्याचं एक चित्र हवंय. ते पसंत पडलं की मी कायमचा चित्रकार. नाहीतर पहिल्या तारखेपासून पुन्हा ऑफिसात. साहेबांनी खुर्ची राखून ठेवलीच आहे. त्या खुर्चीत पुन्हा बसायचं अगदी जिवावर येतं.

अडलंय ते फक्त सॉफ्टवेअरवर. एकातले ब्रश लोण्यासारखे, पण दर महिन्याला पैसे मोजा. दुसरं फुकट, पण छापताना रंग मळके येतात म्हणे. तिसरं माझा कॉम्प्युटर उघडतच नाही. प्रत्येकात मी अस्वलाचं नाक काढून पाहतो. नाक जमलं की बाकीचं अस्वल काय, आपोआप येतं.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, या महिन्यात जरा वाढवावा.

तुझा,
धाकटा


दि. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाठवलेली सगळी नाकं पाहिली. मला तर ती एकाच अस्वलाची वाटली. तुझ्या भाऊजींनी मात्र फार मनावर घेतलंय. जन्मात कधी सरळ रेघ ओढली नाही, पण जेवताना मला ब्रशचे प्रकार समजावतात. त्यांच्या मते तू थांबावंस, लवकरच नवी आवृत्ती येतेय. आपल्या घराण्याची खोड तुला ठाऊक आहेच. फ्रिज निवडता निवडता बाबांनी आपल्याला दोन उन्हाळे कोमट पाणी पाजलं.

माझं ऐक. समोर जे उघडं असेल त्यात अख्खं अस्वल काढ. कान, पोट, पाय, सगळं. तू परत त्या खुर्चीत जाऊन बसलास तर मला फार वाईट वाटेल, आणि ते मी तुला आयुष्यभर ऐकवीन.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे, रागही आहे. दोन्ही पोचते समजावे.

तुझी,
ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पटलं. म्हणून एकदाचा सोक्षमोक्ष लावला. सगळ्या सॉफ्टवेअरचे गुणदोष एका सुबक तक्त्यात मांडले, शेजारी एकेक नाक लावलं आणि तक्ता प्रकाशकबाईंना पाठवून दिला. अस्वल कशात काढू ते त्यांनीच सांगावं. आता मी मोकळा. आज गाढ झोपणार आहे.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
धाकटा


दि. ३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रकाशकबाईंचा फोन आला. तक्ता त्यांना इतका आवडला, की त्यातलंच एक सॉफ्टवेअर घेऊन त्यांनी कॉलेजातल्या एका मुलीला दिलं. तिने दोन दिवसांत अख्खं अस्वल आणून दिलं. पुस्तक तिला गेलं. हसावं की रडावं कळेना, मग रडलोच.

माझं मन राखायला त्यांनी दुसरं काम देऊ केलंय. 'चित्रकारांनी सॉफ्टवेअर कसं निवडावं' यावर मी पुस्तक लिहायचं. मी लगेच हो म्हटलं, म्हणजे तूर्त खुर्ची टळली. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पुस्तकात चित्रंही लागतील. तुमच्या ओळखीत कुणी चांगला चित्रकार आहे का?"

विचार करून कळवतो म्हणालो.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
धाकटा