करवलीची खुर्ची

उल्हासनगर, कॅम्प १
५ जानेवारी २०२५

चि. सौ. भारतीस अ. उ. आ.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या अमितचं लग्न ठरलं, माझा जीव भांड्यात पडला.

करवली मात्र तुझी करिष्माच. काकाच्या लग्नात मिरवायची तिला केवढी हौस आहे. चालता येत नाही म्हणून काय झालं, खुर्ची ढकलायला आपण आहोत. त्या व्हीलचेअरचा छातीचा काळा पट्टा मला बघवत नाही, आमच्या शेठच्या कारखान्यात जीन्सच्या गठ्ठ्यांना बांधतात तसला. सोबत हिरव्या जरीचा शिवून पाठवलाय.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नणंद,
नूतन

बदलापूर गाव
१३ जानेवारी २०२५

ती. नूतनताईंस शि. सा. न. वि. वि.

करिष्मा बरी आहे, हे आधी लिहिते. मग पुढचं वाचा.

गेल्या गुरुवारी तिला नऊवारी नेसवून खुर्चीत बसवली. निऱ्यांचा बोंगा पोटाशी आला, त्यावरून कंबरेचा पट्टा लावला तर लुगड्याची शोभाच जाई. म्हणून तो काढून ठेवला आणि तुमचा जरीचा तेवढा छातीला लावला. दूध उतरवायला आत गेले, तेवढ्यात पोरगी पुढे घसरली आणि पट्टा वर सरकत हनुवटीखाली अडकला. तिला ओरडताही येईना. आईंनी बघितलं, काखेत धरून तिला उचललं, मग मी पट्टा सोडवला. डॉक्टरांना दाखवलं. गळ्यावर वळ आहे, बाकी काही नाही.

आईंनी सगळे पट्टे माळ्यावर टाकलेत. पोरीचा गळा आवळणारी वस्तू घरात नको, पोर खाटेवरच बरी, करवली म्हणून जाऊबाईंची मुलगी उभी राहील, असं म्हणाल्या. करिष्मा रोज खुर्ची मागते. शाळाही बंद आहे. तुमच्यावर राग नाही ताई, पण काही सुचवा.

तुमचीच,
भारती

उल्हासनगर, कॅम्प १
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. भारतीस अ. उ. आ.

पत्र वाचून मशीनवरून उठले ते परत बसलेच नाही. तो पट्टा जाळून टाक. मी नुसता देखणेपणा बघितला, पट्टा कशासाठी असतो ते कुणाला विचारलंच नाही.

पण पोर खाटेवर पडून राहणार असेल तर मी लग्नाला येणार नाही, हे आईला वाचून दाखव. अंबरनाथच्या ज्या केंद्राने खुर्ची मापाची करून दिली तिथे करिष्माला ने. घडलं ते सगळं सांग, लाजू नकोस. आणि आईला सोबत ने. तुझं काय, माझंही ती ऐकायची नाही, तिला डोळ्यांनी बघू दे.

घाईत आहे. जीव लाव तसाच.

नूतन

बदलापूर गाव
२४ जानेवारी २०२५

ती. नूतनताईंस शि. सा. न. वि. वि.

आईंना घेऊन अंबरनाथला जाऊन आलो. केंद्रातले विकास सर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आईंनाच पुढे बोलावलं. करिष्माला पार मागे टेकवून बसवली. म्हणाले, कंबरेचा पट्टा पोटावर नाही, मांडी दुमडते तिथे खाली यायला हवा, घट्ट, पण बोटं सपाट आत जातील इतका. घसरू न देणारा तोच. तो आधी लावायचा, शेवटी सोडायचा. छातीचा एकटा कधीच नाही. आमच्या कंबरेच्या पट्ट्याचा वेलक्रो धाग्यांनी, केसांनी भरलेला निघाला, म्हणून नीट धरत नव्हता. तो साफ ठेवायचा, आणि शिवण उसवली तर घरी टाका न घालता पट्टाच बदलून घ्यायचा.

नऊवारीचं विचारलं तर म्हणाले, पट्ट्याला हात लावू नका, कपडा बदला. तेव्हा तुमच्या मशीनला काम आहे. शिवलेलं लुगडं करा, पोटाशी बोंगा नको, दोन्ही बाजूंना फट ठेवा, म्हणजे पट्टा आतून जाईल. सर एकदा बघणार आहेत. माप सोबत आहे.

आता रोज सकाळी आईच पट्टा लावतात. आज त्यांनी चुकून छातीचा जुना काळा पट्टा आधी उचलला, तर करिष्माने त्यांचा हात बाजूला सारला आणि आधी खालचा, असं आजीलाच बजावलं. आईंनी गुपचूप खालचा लावला, बोटं घालून बघितली. मग नवरीकडे, बुवापाड्यात, मला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलल्या. मांडवात शिरायला पायरी ठेवू नका, आमची करवली खुर्चीतून येणार आहे, असं त्यांना सांगितलं.

लवकर या. माया आहेच, ती राहू द्या.

तुमचीच,
भारती