साठ कॅरेटांची दुरुस्ती

सौसर, १२ मार्च

प्रिय प्रणाली,

तू माझा फोन उचलत नाहीस आणि मोबाइलवर लिहायला बसलो की दोन ओळींत माझी बोटं आखडतात, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस. आईचे गुडघे धरलेत, तरी ती सकाळी बगीच्यात चक्कर मारतेच. दोन वर्षं राखीला का आली नाहीस, असं मला विचारते. कॉलेजात शिकवते, सुट्टी मिळत नाही, असं सांगून मी वेळ मारून नेतो. इंदूरला जेवण वेळेवर करतेस ना?

काल लोधीखेड्यावरून येताना तो हॉल दिसला. पुण्याची नोकरी सोडून तू व्यापाऱ्यांची पहिली सभा तिथे घेतली होतीस. नऊ माणसं आली, त्यातली चार आपल्या घरची. ब्लॉकचेनमधला 'चेन' शब्द ऐकून भैय्याजी अडत्यांना ती साबण विकायची स्कीम वाटली आणि आपण आणखी दोन माणसं जोडणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलं! तू पोट धरून हसलीस. मग म्हणालीस, "भैय्याजी, जे साऱ्या गावाले ठाऊक हाये, ते एकटा कोन खोडून टाकन? तशीच वही हाये ही, सगळ्याइजवळ एक-एक." त्या दिवशी मलाही पहिल्यांदा कळलं, की माल कुठला आणि कसा पिकवला हे त्यात लिहायचं, आणि एकदा लिहिलं की खोडता येत नाही. सहा वर्षांत तू चौदा राज्यांतले व्यापारी एका संघात आणलेस. सांगलीची हळदवाली माणसं आली, केरळची वेलचीवाली आली, मुरादाबादचे पितळेचे कारखानदारही आले. आपली संत्री पिढ्यान्‌पिढ्या नागपूरच्या नावानं विकली जायची. तुझ्यामुळे संत्री भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटवर सौसरचं नाव आलं. मी ते कॅरेट येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

मग दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत गारा पडल्या. पंधरा मिनिटांत तोडणीला आलेला सगळा मृग बहार खाली. बेंगळुरूच्या कंपनीला साठ कॅरेट जायचे होते आणि संघाच्या नव्या सभासदांना तू आपलाच बगीचा नमुना म्हणून दाखवणार होतीस. नाक कापलं जाईल या भीतीनं मी पांढुर्ण्याच्या मंडीतून माल उचलला, कोणाचा ते विचारलंही नाही, आणि तुझ्याकडे मंजुरीला नोंद पाठवली, 'सौसर, स्वतःचा बगीचा.' संत्र्याला कोण त्याचं गाव विचारतंय, असं मला वाटलं. कंपनीनं विचारलं. आपल्या नोंदीत नसलेलं औषध त्या फळात निघालं. तुझा फोन आला, "दादा, मले सारे विचारून राहिले. संत्री आपल्याच बगीच्यातली हायेत न?" मी म्हटलं, "हो बाई, तुई शपथ."

त्या शपथेवर तू संघाच्या दिल्लीच्या सभेत तीनशे लोकांसमोर माझी हमी दिलीस. महिन्याभरात मंडीची पावती बाहेर आली. तेव्हा तू काय सांगितलंस, ते पांढुर्ण्याच्या गौरवनं मला या दिवाळीत सांगितलं. तुझ्या संघाचं इथलं काम आता तोच पाहतो. तू म्हणालीस, भावानं माल मंडीचा असल्याचं सांगितलं होतं, नोंद मंजूर करताना मीच बदलली. तुला खोटारडी म्हणून संघातून काढलं. तूच उभ्या केलेल्या घरातून तुला चोरासारखं जावं लागलं. तू थकून सोडलंस, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरं सांगू? माझा दोष तू अंगावर घेतलास, अशी मला शंका होती. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला नको होतं. लाज वाटते गं.

तुमच्या वहीत जुनी नोंद पुसत नाहीत, खाली दुरुस्ती जोडतात, आणि मूळ नोंद ज्यानं तपासली त्याची मंजुरी लागते, मग तो संघात असो वा नसो. दुरुस्ती कशी जोडायची, ते गौरवनं शिकवलं. जानेवारीत त्याच्या दुकानात बसून मी स्वतः लिहिलं, 'माल मंडीचा होता, हे मला ठाऊक होतं. मी बहिणीला खोटं सांगितलं.' तू नामंजूर केलंस. मला वाटलं, रागानं केलं असेल. पुन्हा पाठवलं, पुन्हा नामंजूर. कारणाचाही एक रकाना असतो, हे मला माहीत नव्हतं. काल गौरवनं तो उघडून वाचला. तू लिहिलं होतंस, "दादाले सौसरलेच राहाचं हाये. मी त निंगून आली." गिऱ्हाइकं उभी होती, तरी मी तिथेच रडलो. प्रणाली, आज मी ती दुरुस्ती तिसऱ्यांदा पाठवली आहे. गाव काय म्हणायचं ते म्हणेल, मी ऐकून घेईन. मला माफ करू नकोस, पण या वेळी मंजूर कर.

तुझाच,
प्रफुल्लदादा